जेवण बंद

ठाण्यात आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. खाडीवरच्या लाकडाच्या वखारीत इनास करवत ओढायचा. करवतीला दोन माणसं लागतात. एक ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. इनास वरचा, पास्कू खालचा. दोघांची ओढ सारखी असली तरच फळी सरळ निघते.

दोन वर्षं संग्रहणीनं इनासला पिळून काढलं होतं. खाल्लेलं पोटात टिकत नसे. ओंडक्यावरून उतरून खाडीकाठी पळायचं, परत यायचं, पुन्हा पळायचं. वखारीतले लोक नाकाला फडकं लावत. इनासला स्वतःच्या अंगाचा वास यायचा आणि शिसारी यायची.

शेवटी पास्कू बोलला, "इनास, पाऊस सरला की शहापूरकडचा साग येईल. तोवर धड झालास तर तू. नायतर मी तुझ्या जागी गणूला वर चढवतो. मलापण पोरं हायत रे."

इनास कल्याणच्या म्हाताऱ्या वैद्याकडे गेला. वैद्यानं जीभ पाहिली, पोट दाबलं आणि सांगितलं, "जेवण बंद. ताकावर राहायचं."

मासळीवर वाढलेल्या माणसाला ताक म्हणजे ओल्या गोणपाटाचा वास. तरी इनास नाक दाबून प्यायचा. ताटावर बसला नाही. बायको रोजा हळहळायची. "पांढऱ्या पाण्यावर माणूस जगतो काय?" म्हणत सकाळी वाटीभर पेज द्यायची. दुपारी हातावर एखादा भाजलेला बोंबील ठेवायची. संध्याकाळी अंगात जोर यावा म्हणून थोडी ताडी. इनास घ्यायचा. यातलं जेवण कुठलंच नव्हतं.

महिन्यानं पुन्हा कल्याण. पोट होतं तसंच.

"काय खातोस?" वैद्यानं विचारलं.

"काय नाय. महिना झाला, जेवलो नाय."

"तोंडाला सुक्या मासळीचा वास येतोय."

"तो बोंबील. उभ्यानं खाल्ला."

"आणखी काय काय उभ्यानं खाल्लंस?"

इनासनं पेज सांगितली, ताडी सांगितली. वैद्यानं विचारलं, "मग तुमच्यात जेवण कशाला म्हणतात?"

"भात-कालवण. बसून, ताटात."

वैद्यानं कपाळावर हात मारला. "चूक माझी. नीट ऐक. ताकाशिवाय घशाखाली काही उतरायचं नाही. थुंकी गिळायची झाली तरी मला विचारून गिळ."

परतीच्या वाटेवर इनासचं डोकं फिरलं होतं. करवतीला नुसता हात लावून ओढल्यासारखं करणारी माणसं त्यानं पाहिली होती. कपाळावर घाम, तोंडानं हुं-हुं, आणि सगळं वजन दुसऱ्याच्या खांद्यावर. अशांच्या सावलीलाही तो उभा राहत नसे. महिनाभर त्यानं स्वतः तेच केलं होतं. रस्त्यातच तो थुंकला.

घरी आल्यावर त्यानं पेजेचं भांडं बाजूला सारलं. रोजानं तोंड वाकडं केलं, पण सकाळी भांडं पुन्हा पुढ्यात आलंच.

त्याच आठवड्यात रोजाच्या भावाच्या पोराचा बाप्तिस्मा आला. अंगणात पंगत, डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट इंदेल, ताडीचे घडे. इनास स्वतःचा ताकाचा तांब्या घेऊन कोपऱ्यात बसला. एरवी त्या इंदेलाच्या वासावर तो धावला असता. आज जेवणाऱ्यांच्या कोपरापर्यंत ओघळणारी चरबी पाहून त्यानं तोंड फिरवलं.

"अरे इनासबाबा, दोन घास घे. बाप्तिस्मा काय रोज येतोय?" पंगतीतून कुणी म्हणालं.

"बामणाकडं जाऊन बामण झाला हा! जानवं दाखव!"

सासू समोर येऊन उभी राहिली. "आमच्या हातचं विष लागतंय जावयाला?"

"विष नाय, आई. पण खाणार नाय."

दोन वर्षांत या माणसांपैकी एकानं त्याच्या ओसरीवर पाय ठेवला नव्हता. वास येतो म्हणून. आणि आज सगळ्यांना त्याच्या पोटाची काळजी.

घरी येताना रोजा तणतणली. "माझ्या भावाच्या दारात माझं नाक कापलंस!"

"कापलं. आणि दोन वर्षं माझी घाणेरडी फडकी धुतेस, तेव्हा यातला कोण आला होता बादली उचलायला?"

सकाळी पेज आली नाही. ताक आलं, आणि पोटाला जड नको म्हणून घुसळणाऱ्या बाईसमोर उभं राहून रोजानं त्यातलं सगळं लोणी काढायला लावलं होतं.

पोट हळूहळू धरू लागलं. वैद्यानं पुढे मऊ भाताचं पाणी सांगितलं, मग भात. रोज खाडीच्या काठानं चालायचं, दिवेलागणीला आडवं व्हायचं. पहिल्यांदा इनास जवळच्या तळ्यापर्यंतच जाऊन धापा टाकत बसला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या पुढे गेला.

साग आला तेव्हा गणू वखारीत येऊन उभाच होता. इनास त्याच्याकडे न बघता ओंडक्यावर चढला. पास्कू खाली उतरला. करवत चालू झाली.

"हलका झालास रे," खालून आवाज आला.

"ओढ हलकी लागते काय?"

भुसा पास्कूच्या डोक्यावर पडत राहिला. दुपारपर्यंत इनास एकदाही खाली उतरला नव्हता. फळी सुटली. पास्कूनं तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि खड्ड्यातूनच ओरडला,

"गणू, तू दुसरी करवत बघ."