क्रेट नाही, ओळी मोजल्या

"ए पेठ, बाजूला हो," म्हणत साहेबांनी माझ्या हातातला माऊस ओढून घेतला. सगळं ऑफिस बघत होतं. मी फक्त विचारलं होतं, एक्सेलमधल्या नोंदींचा गोषवारा देणारं पिव्होट टेबल कसं करतात. "तू टाईप कर. डोकं आम्ही लावतो." दोघं-तिघं फिदीफिदी हसले. पेठ माझा तालुका. माझं नाव त्यांनी दोन हंगामांत एकदाही घेतलं नव्हतं.

नाशिकजवळचं द्राक्षांचं पॅकहाऊस. माझी मावशी आणि आमच्याकडच्या अकरा बाया तिथे घड निवडायच्या. खराब निघालेल्या क्रेटची नोंद मी एक्सेलमध्ये भरायचे. बाकीच्या टोळ्यांचे मुकादम संध्याकाळी एकच आकडा सांगायचे. आज वीस क्रेट. एक ओळ भरली की विषय संपला. आमच्या टोळीला मुकादम नव्हता. प्रत्येक बाई आपल्या एकेका क्रेटची चिठ्ठी स्वतः आणून द्यायची आणि मी प्रत्येक चिठ्ठीची वेगळी ओळ भरायचे. खरेपणाने भरायचे.

हंगामाच्या मध्यावर साहेबांनी टोळीवार पिव्होट काढला. सगळ्यात जास्त खराब माल पेठच्या टोळीचा! दुसऱ्या दिवशी बायांना गेटवरूनच परत पाठवलं. मावशी म्हणाली, "आमचं चुकलं काय, ते तर सांग. तूच लिवती ना?" तिला वाटलं, मीच घात केला.

मग मोबाईलवर व्हिडिओ बघून पिव्होट शिकले. जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता. चौथ्या दिवशी जमलं. साहेबांच्या पिव्होटमध्ये 'सम' नव्हतं, 'काउंट' होतं. क्रेटची बेरीज झालीच नव्हती, नुसत्या ओळी मोजल्या होत्या. वीस क्रेटची ओळ एक, एका क्रेटचीही एकच. बेरीज लावली. सगळ्यात कमी खराब माल आमचा निघाला.

साहेबांना दाखवलं. त्यांना कळलं, चेहऱ्यावर दिसलं. "रिपोर्ट वर गेलाय. आता माझी लाज काढतेस?" मग पुढच्या हंगामाच्या टोळ्यांची यादी समोर टाकली. "यात भर. पेठ टोळी बंद."

"हे मी भरणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

बायांना परत कोणी बोलावलं नाही. मावशीला सगळं समजावलं. ती म्हणाली, "आता कळून काय उपेग?" दुसरं काम शोधतेय. मिळेल तिथेही बहुतेक टाईपच करायला बसवतील. बसेन. पण माझ्या माणसांच्या नावावर निघालेला आकडा आधी मी उलगडून बघणार, मगच पुढे जाऊ देणार. तीही नोकरी गेली तर जाऊ दे.