अकरा शनिवार

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत शेगड्या एकोणीस आणि राखोबा एक. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं म्हणे, पण ते कधी कोणी हाकेला वापरलं नाही. थोरल्या साहेबापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचा तो राखोबा, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. राखेत हात घालणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

कचेरी उघडायच्या दोन तास आधी तो यायचा. प्रत्येक खोलीत भिंतीशी एक उभी लोखंडी शेगडी, तिच्या पाठीतून निघालेली पत्र्याची नळी, आणि ती नळी भिंतीतल्या धुराड्यात शिरलेली. आधी दांडी धरून जाळी खडखडवायची, म्हणजे आदल्या दिवसाची राख खालच्या कप्प्यात पडते. जे पडत नाही तेच खरं दुखणं. कोळशात माती असली की ती आचेनं वितळते, जाळीच्या गजांना चिकटते आणि थंड झाली की दगड होऊन बसते. या दगडांना राखोबा 'जावई' म्हणायचा, कारण एकदा बसले की उठायचं नाव घेत नाहीत. सळईनं टोचून, चिमट्यानं हिसकून, प्रसंगी दोन शिव्या हासडून तो एकेका जावयाला बाहेर काढी.

हे झालं पुढचं काम. मागचं काम आठवड्यातून एकदा, शनिवारी. शेगडीच्या पाठीशी, नळी जिथे वळते तिथे एक झाकण असतं. धुराबरोबर उडालेली बारीक राख त्या वळणात साचते. झाकण उघडून ती काढली नाही तर नळी तुंबते आणि शेगडीचा वायू खोलीतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते, आणि वेळेवर दार उघडलं नाही तर माणूस उठतच नाही. हे राखोबाला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर ही गोष्ट सांगण्यात काही अर्थच नव्हता.

त्या हिवाळ्यात कोळसा असा निघाला की विचारू नका. निम्मी माती. जाळीजाळीवर जावई पंगत मांडून बसलेले. जे काम सकाळी आठला आटपायचं ते दहापर्यंत चालू लागलं, आणि सळया मारून मारून राखोबाचा उजवा खांदा असा धरला की सदऱ्याच्या बाहीत हात घालताना बायकोला हाक मारावी लागे. अठरा खोल्यांतली मागची झाकणं तो तशातही उघडायचा. एकोणिसावी खोली टेलिफोनची. तिथली शेगडी कोपऱ्यात, आणि तिच्या पाठीला टेलिफोनच्या तारा जोडायच्या फळ्याचं मोठं लाकडी कपाट. झाकणापर्यंत पोचायचं तर जमिनीवर कुशीवर पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपावं लागे. पहिल्या शनिवारी त्यानं ठरवलं, पुढच्या शनिवारी दुप्पट साफ करू. दुसऱ्या शनिवारीही त्यानं तेच ठरवलं. चौथ्या शनिवारपासून ठरवायचंही बंद झालं.

पुढून मात्र त्या शेगडीत काही खोट काढता आली नसती. जाळी लख्ख, राखेचा कप्पा रिकामा, दाराची कडी घासलेली. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते हेच.

त्या खोलीत टेलिफोनवाली बसायची. पंचविशीतली, चुणचुणीत, एका कानावर यंत्र आणि दोन्ही हात तारा जोडण्यात. तिचे वडील रेल्वेचे सिग्नलवाले. चाळीस वर्षं कॅबिनमध्ये काढली आणि एक डुलकी घेतली नाही, असं ते स्वतः सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. मुलगीही तशीच कामाची पक्की होती. हिवाळा अर्धा सरल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "राखोबा, हल्ली खोलीत फार कोंदतं हो. दुपारी डोकं नुसतं ठणकतं."

"रात्रीची जागरणं कमी करा, बाई," राखोबा हसत म्हणाला.

गंमत म्हणून बोलला तो. पण त्याच गमतीत त्यानं शिपायांच्या खोलीतही सांगितलं, की टेलिफोनवाली दुपारी पेंगते, कोणाशी बोलत जागते कोण जाणे. सगळे खिदळले. एकदा हशा मिळवलेला विनोद माणूस एवढ्यावर सोडत नाही. राखोबानंही सोडला नाही.

मग तो बुधवार आला. बाजारपेठेखालची मोठी वाहिनी फुटली. तिथला माणूस टेलिफोन करतोय, करतोय, आणि इकडे कोणी उचलत नाही. अर्ध्या तासानं तो सायकलवरून धापा टाकत कचेरीत आला, तोवर बाजारात गुडघाभर पाणी झालं होतं. साहेबांनी टेलिफोनच्या खोलीचं दार धाडकन उघडलं, तर बाई फळ्यावर डोकं टेकून गाढ झोपलेली. दोघांनी दंडाला धरून तिला व्हरांड्यात आणलं. बाहेरच्या गार हवेत ती दहा मिनिटांत भानावर आली, आणि हेच तिच्या मुळावर आलं. खरंच आजारी असती तर दहा मिनिटांत बरी झाली असती का, असं साहेबांनी विचारलं, आणि त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

एकाकडे होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यालाही बोलावलं. ती बाई डोकं दुखतं म्हणते, शेगडीत काही दोष होता का?

"जाळी रोज साफ करतो, साहेब," राखोबा म्हणाला. "वाटल्यास बघून घ्या."

साहेबांनी जाऊन बघितलं. जाळी लख्ख होती.

शनिवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, राखोबा त्या कोपऱ्यात कुशीवर पडला आणि दात आवळून त्यानं झाकण उघडलं. राख भसाभसा बाहेर आली. एक बादली भरली, दुसरी गळ्यापर्यंत भरली. नळीत बोट जायला जागा नव्हती. तो तिथेच जमिनीवर पडून राहिला. त्यानं बोटांवर मोजलं, अकरा शनिवार झाले होते. मग उठला, दोन्ही बादल्या स्वतः उचलून मागच्या अंगणातल्या ढिगावर ओतल्या आणि वरून चार फावडी दुसरी राख टाकली. टेलिफोनवालीला कामावरून काढल्याचा कागद आदल्याच दिवशी गेला होता.

सांगायचं होतं त्याला. शपथेवर सांगतो, सांगायचं होतं. सोमवारी सांगू म्हणाला. पण सोमवारी नवी टेलिफोनवाली आली, ती काही पेंगली नाही, आणि साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, माणूस बदलला की कसा फरक पडतो!" त्यानंतर तोंड उघडायचं म्हणजे साहेबांनाही खोटं पाडायचं. राखोबाची छाती झाली नाही. भित्र्याला कारणं शोधावी लागत नाहीत, ती घरपोच येतात.

तिकडे गावानं त्या मुलीचं नाव कुंभकर्णाची बहीण ठेवलं. शाळेत पेंगणाऱ्या पोरांना बाई म्हणत, झोप, म्हणजे बाजार बुडेल. तिचे वडील गावातून मान वर करून चालणारे, त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. कामावर झोपणं म्हणजे सिग्नलवाल्याच्या लेखी खूनच. त्या दिवसापासून ते मुलीशी बोलेनासे झाले. एका घरात राहून काही हवं असलं तर भिंतीकडे बघून म्हणत, "पाणी मिळेल का कोणाकडून?"

राखोबा मात्र अंग मोडून काम करू लागला. मागची झाकणं आठवड्यातून तीनदा, त्या कोपऱ्यातलं तर रोज. खांदा कायमचा गेला तरी उघडायचा. लोकांना वाटलं, काय हा कामाचा भक्त! सात वर्षं असं कौतुक झालं आणि दर कौतुकाला तो बादली उचलून अंगणाकडे निघायचा. मग कचेरीत विजेच्या शेगड्या आल्या, कोळशाच्या उचलून नेल्या, आणि साहेबांनी राखोबाचा सत्कार ठेवला. भाषणात म्हणाले, "वीस वर्षांत याच्या शेगडीची एक तक्रार नाही." टाळ्या पडल्या. साहेबांनी त्या गेलेल्या खांद्यावर शाल घातली.

घरी आल्यावर बायकोनं ती शाल घडी करून ठेवली आणि सहज म्हणाली, "आज बटणं आणायला गेले होते. ती टेलिफोनवाली असते ना हल्ली त्या दुकानात. अहो, दिवसभर उभी असते. मालक म्हणतो बस, तर बसत नाही. तिची बहीण आली होती तान्हं बाळ घेऊन, म्हणाली घे जरा. तर घेईना. म्हणते, माझा डोळा लागला तर?"

सात वर्षं जे दाबलं होतं ते सगळं राखोबानं बायकोपुढे ओकून टाकलं, झाकण, खांदा, विनोद, दोन बादल्या. बायको म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी काय टेलिफोनच्या खोलीत बसत होते?"

रविवारी दुपारी तो तिच्या घरी गेला. अरुंद गल्ली, समोरासमोर दारं, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. सिग्नलवाले बाहेर खुर्चीत बसले होते. म्हातारपणी त्यांना कमी ऐकू यायचं. दार तिनंच उघडलं. राखोबानं तिला आत चौकटीशी गाठून, खालच्या आवाजात, जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर थोबाडीत मारेल. तिनं प्रश्न विचारले.

"कुठलं झाकण?"

"मागचं. कपाटामागचं."

"किती दिवस?"

"अकरा शनिवार."

"आणि तुम्हाला कळलं कधी?"

"चौथ्या दिवशी."

"चौथ्या दिवशी," ती म्हणाली. "मी डॉक्टरांची औषधं खाल्ली, राखोबा. झोप येऊ नये म्हणून. दोन वर्षं खाल्ली. मला वाटायचं माझ्या रक्तातच काही खोट आहे." तिचा आवाज चढला नाही, आणि तो चढला असता तर राखोबाला बरं वाटलं असतं. "मला सांगून काय उपयोग? बाबांना सांगा."

तो बाहेर आला आणि म्हाताऱ्याच्या कानाशी वाकला. "बाबा, तुमची मुलगी झोपली नव्हती. माझ्या शेगडीच्या वायूनं तिला गुंगी आली. नळी मी साफ केली नव्हती."

"काय?" म्हातारा म्हणाला. "मोठ्यानं बोल."

राखोबानं आवाज चढवला. समोरची खिडकी उघडली.

"काही कळत नाही. तोंडात काय धरलंयस? नीट बोल!"

आता राखोबा सरळ उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, की नळी तुंबली होती, अकरा शनिवार त्यानं ती साफ केली नाही, तिच्यावर विनोदही त्यानंच उठवले आणि साहेबांपुढे तो गप्प राहिला, आणि या मुलीचा यात काडीचा दोष नव्हता. गल्लीभर दारं उघडली. कोणीतरी जिन्यावरून अर्ध्यात थांबलं, बायका ओले हात पुसत उंबऱ्यात आल्या. सत्काराला जमली नव्हती एवढी माणसं जमली होती.

म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली. "ओरडू नकोस," तो म्हणाला. "पहिल्या वेळेसच ऐकू आलं मला. पण हिची बेअब्रू झाली तेव्हा सगळं गाव ऐकत होतं. तू काय कानात सांगून जाणार होतास?"

म्हातारा खुर्चीत कष्टानं वळला आणि सात वर्षांत पहिल्यांदा, भिंतीला मध्ये न घालता, त्यानं मुलीकडे बघितलं.

"पोरी, लाइन तपासली नाही मी," तो म्हणाला. "कोणीतरी सांगितलं आणि मी सिग्नल टाकून मोकळा झालो. चाळीस वर्षांत असं केलं नव्हतं."

ती दारात उभी होती, दोन्ही हातांनी चौकट धरून. शेजारीण पुढे झाली तर तिनं हातानंच नको म्हटलं.

"बाई," राखोबा म्हणाला, "माफी मागायला तोंड नाही मला. पण मागतो."

तिनं त्याच्याकडे बघितलं. एकाएकी ती फार थकलेली दिसू लागली. सात वर्षांचा शीण एकदम अंगावर आल्यासारखी.

"माफीचं उठल्यावर बघू," ती म्हणाली. "आधी मी जरा झोपते."

दार लोटून ती आत गेली. गल्ली हळूहळू पांगली. म्हाताऱ्यानं राखोबाला पायरी दाखवली आणि तो पायरीवर बसला. कोपऱ्यावर पोरं चेंडू आपटू लागली, तशी म्हाताऱ्यानं काठी उगारली. "गप्प बसा रे! माझी मुलगी झोपलीय."

ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकत गेलं. राखोबा जागचा हलला नाही. चार वाजले, पाच वाजले, आणि ती अजून उठली नव्हती.