सुनेच्या अकाउंटमधले बटाटे

माझी सून सूचना वाचते. म्हणजे सगळ्याच सूचना. औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद आम्ही नर्सेसनीसुद्धा कधी उलगडला नसेल, पण ही तो दिव्याखाली धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. नवं वॉशिंग मशीन आलं, तर ते दुपारभर तसंच उभं. का, तर बाईसाहेब पुस्तिका वाचत होत्या. भाडेकरार वाचून तिने घरमालकाला त्याच्याच करारातली चूक दाखवून दिली आणि वर त्याचे आभारही मानले. माझा मुलगा म्हणतो, "आई, लग्नाच्या वेळी मी हिला काही छापील दिलं नव्हतं, म्हणून वाचलो." मी हसायचे. पण खरं सांगते, आता या सवयीचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. चांगली कायम नोकरी होती. ती सोडून चाळिशीच्या तोंडावर पीएच.डी.ला बसली, आणि त्याला थोडीफार मीच कारण. मी जन्मभर हॉस्पिटलात नर्स होते, शेवटी शेवटी वॉर्डची हेड सिस्टर. रिटायर झाल्यावर जेवताना माझं एकच पालुपद असायचं: खोकणारा पेशंट दाराशी, शेजारचे ठणठणीत आणि आजारी पडणार तो पार कोपऱ्यातला, असं का व्हायचं ते मला कुणी कधी सांगितलं नाही. बाकीचे मान खाली घालून जेवत राहायचे. हिने एकदा पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "पंखा कुठे होता, आई?" झालं, तिथून तिचं संशोधन सुरू झालं. वॉर्डात हवा कशी फिरते, खोकला कुठवर जातो, अमुक खिडकी उघडली तर काय होतं आणि तमुक बंद केली तर काय.

असली गणितं घरच्या कंप्युटरवर होत नाहीत. त्यासाठी विद्यापीठात एक मोठा कंप्युटर आहे. एका गार खोलीत कपाटांच्या रांगा, आणि त्या सगळ्या मिळून तो एक. तो सर्वांनी वाटून घ्यायचा. प्रत्येकाला महिन्याचे ठरलेले तास मिळतात. तुमचे तास संपले की पुढच्या महिन्याची वाट बघत बसा.

तो वापरण्याआधी एक नियमावली समोर येते. 'संगणकीय साधनांचा जबाबदार वापर' असं तिचं भारदस्त नाव. खाली 'मान्य आहे' अशी चौकट असते. सगळे डोळे मिटून तिथे टिचकी मारतात आणि कामाला लागतात. हिने अर्थातच सगळी वाचली. पासवर्ड कुणालाही सांगू नये. खासगी धंद्यासाठी वापर करू नये. गैरवापर आढळल्यास त्वरित कळवावे. आपल्या अकाउंटवर जे घडेल त्याची जबाबदारी आपली. ही नियमावली लिहिली होती हिच्याच गाइडने, म्हणजे सरांनी. सर त्या जबाबदार वापर समितीचे अध्यक्षच होते.

आणि याच सरांच्या लॅबमधला रिवाज ऐका. नवा विद्यार्थी आला की त्याचं अकाउंट सर स्वतः उघडून देतात, पासवर्ड स्वतःच ठरवतात आणि चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात ठेवतात. "बदलू नका हं. अडीअडचणीला मला उघडता आलं पाहिजे. आपण सगळी एका घरातली माणसं." हिने पहिल्याच दिवशी तोंड उघडलं होतं, "सर, पण नियमात..." सर हसले आणि म्हणाले, "तो नियम बाहेरच्यांसाठी." घरी येऊन ती मला म्हणाली, "आई, नियमात घरचे-बाहेरचे असं काही लिहिलेलं नाही." पण गप्प बसली. नवी होती, आणि गाइडशी पहिल्या दिवशी कोण वाकडं घेतं?

बघता बघता वर्षं गेली. थीसिस लिहून होत आला, एक शेवटचं गणित तेवढं राहिलं, खिडक्या उघड्या ठेवलेल्या वॉर्डाचं. रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली होती. एक मुदतवाढ घेऊन झाली होती आणि दुसरी मिळत नाही. त्या तारखेच्या आत सरांच्या सहीनिशी थीसिस ऑफिसात गेला नाही तर नाव कटणार. मग सोडलेली नोकरीही नाही आणि डिग्रीही नाही. घरात आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

अशात एक दिवस ती चपला न काढताच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"आई, माझ्या अकाउंटमध्ये बटाटे आहेत."

मला वाटलं, पोरीचं डोकं सरकलं. अभ्यासाने होतं तसं कुणाकुणाचं. मी तिला आधी खुर्चीत बसवलं. मग हळूहळू उलगडा झाला. महिना अर्धासुद्धा झाला नव्हता आणि तिचे तास संपले होते. तिने शोधलं, तर तिच्या अकाउंटवरून कुणीतरी भलतीच गणितं चालवली होती. एका गोदामात बटाट्यांच्या थप्प्या कशा रचल्या तर गार हवा सगळीकडे पोचेल, याची. त्यावर एका कोल्ड स्टोरेज कंपनीचं नाव होतं. ती कंपनी सरांच्या मेहुण्याची. दर वर्षी तिचं कॅलेंडर लॅबच्या भिंतीवर लागतं.

"कुणाला बोललीस?" मी विचारलं.

"अजून नाही."

"मग बोलू नकोस. सरांशी गोड बोलून चार तास जास्त मागून घे, काम उरक आणि सुट."

"नियमात लिहिलंय, आढळल्यास त्वरित कळवावे."

"नियम कुणी लिहिलाय?"

"सरांनी."

"मग झालं तर! त्याला ठाऊक नाही होय?"

माझं ऐकेल तर ती कसली. कंप्युटर सेंटरला पत्र गेलं. कुणाचं नाव नाही, आरोप नाही. माझ्या अकाउंटवर माझं नसलेलं काम आढळलं आहे, कृपया पाहावे, एवढंच. सेंटरने तत्परतेने पाहिलं. दुसऱ्याच दिवशी हिचं अकाउंट बंद, आणि हिच्याच नावाने कारणे दाखवा नोटीस. आपल्या अकाउंटवर खासगी धंद्याचे काम झाल्याचे आपण स्वतः मान्य केले आहे, तरी आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा जबाबदार वापर समितीच्या अध्यक्षांकडे सादर करावा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी साडी बदलली आणि तिच्याबरोबर निघाले. मुलगा म्हणाला, "आई, तू तिथे जाऊन काय करणार?" मी म्हटलं, बसून तरी राहीन.

कंप्युटर सेंटरचे साहेब सज्जन निघाले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. भांडायला माणूस कसा, ताठ हवा. हे आपले नरम. "मॅडम, तुम्ही कळवलंत हे फार चांगलं केलंत," ते म्हणाले.

"मग अकाउंट बंद का केलंत?" मी विचारलं.

"त्यांनी कळवलं म्हणूनच तर. कळवलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं."

"अहो, पण हिने केलं नाही ना ते!"

"ते चौकशीत ठरेल. अध्यक्षांना भेटा." एवढं बोलून ते टेबलावरचा कागद उगाच सरळ करत बसले. त्यांना सगळं कळत होतं. त्या सेंटरमधल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि सगळीकडे अळीमिळी गुपचिळी.

सरांनी मला आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. हिने लिहायचा खुलासा त्यांनी आयताच तयार ठेवला होता. मी निष्काळजीपणाने लॉगिन उघडे ठेवून गेले आणि अज्ञात व्यक्तीने त्याचा गैरवापर केला, अशा अर्थाचा.

"खाली सही केली की आज संध्याकाळी अकाउंट सुरू, गेलेले तासही परत," सर म्हणाले. "कडक समज देऊन विषय मिटवतो. उगाच भिजत घोंगडं नको, मुदत जवळ आलीय. काकू, तुम्हीच समजवा हिला."

ती कागदाकडे बघत राहिली. नंतर माझ्याकडे वळली. "आई, करू?"

मी म्हटलं, "कर." दुसरं काय म्हणणार होते मी? तिने सही केली. वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली मी कधी मोठ्या डॉक्टरलासुद्धा दिली नव्हती, ती मी तिथे त्या माणसाचा चहा पीत बसले होते. तो चहा मला अजून आठवतो आणि अजून कडू लागतो.

अकाउंट खरोखर संध्याकाळी सुरू झालं. शेवटचं गणित पार पडलं. त्या दिवशी ती धावत घरी आली आणि मला हाताला धरून कंप्युटरपुढे बसवलं. पडद्यावर रंगीत धुरासारखी हवा फिरत होती. दारापासून निघून, मधल्या पलंगांवरून वर उचलली जाऊन, ती थेट कोपऱ्यात उतरत होती. "हा बघा तुमचा कोपऱ्यातला पेशंट," ती म्हणाली. मी पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांचा माझा प्रश्न कुणीतरी मनावर घेतला होता आणि सोडवलाही होता.

आता थीसिसवर सरांची सही तेवढी हवी होती. पण सरांची कडक समज अजून पुरी व्हायची होती. तिने नव्या विद्यार्थ्यांपुढे जबाबदार वापरावर व्याख्यान द्यायचं, असं समितीने ठरवलं होतं. "शिक्षा समजू नका हो," सर म्हणाले. "व्याख्यान झालं की लगेच सही. पेन खिशातच आहे." व्याख्यान नेमकं मुदतीच्या शेवटच्या दिवशी होतं. सरांनी तारीख मुद्दाम तशी निवडली का, हे देव जाणे. मला विचाराल तर हो.

मी थीसिसच्या प्रतींची पिशवी मांडीवर घेऊन हॉलच्या शेवटच्या रांगेत बसले होते. व्याख्यान, सही आणि तडक ऑफिस, असं आमचं ठरलं होतं. सर व्यासपीठावरच्या खुर्चीत. सून बोलायला उभी राहिली आणि मुलं आपोआप गप्प झाली. शाळेत शिकवलेलं वाया जात नाही. एकेक नियम, त्याचं कारण, एखादा विनोद. सगळं झकास चाललं होतं. पासवर्डचा नियम आला, कुणालाही सांगू नये, आणि दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, सरांनी मागितला तर? म्हणजे, आम्हाला पासवर्ड सरांकडूनच मिळालाय. चिठ्ठीवर. बदलू नका म्हणालेत."

हॉलमध्ये खसखस पिकली. सरही मनमोकळे हसले. "अहो, ते वेगळं," ते बसल्या जागेवरून म्हणाले.

हस बाई, मी मनात म्हणत होते, तूही हस आणि पुढचा नियम घे. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कसलं, मांडीवरच्या पिशवीकडे.

"सरांनाही सांगायचा नाही," ती म्हणाली. "चिठ्ठी मिळाली असेल तर आज घरी जायच्या आधी पासवर्ड बदला. मी बदलला नव्हता. माझ्या अकाउंटवर सरांच्या नातेवाइकांच्या गोदामाचं काम झालं आणि मी खोटा खुलासा लिहून दिला. तुम्ही तसं करू नका."

सर उठले, वेळ संपल्याचं सांगितलं, सगळ्यांचे आभार मानले. आवाज अजिबात चढला नाही.

त्यांच्या खोलीत तिने थीसिस टेबलावर ठेवला. सरांनी वरचं पान उलटलं, मग पुन्हा मिटलं. "हा मला एकदा नीट वाचावा लागेल."

"सर, आज मुदत संपतेय. तुम्ही वाचलाय तो."

"वाचल्याशिवाय सही करणं जबाबदारीचं होणार नाही," सर म्हणाले. पेन खिशातच होतं. मला दिसत होतं ते, निळं.

बाहेर जिन्यात आम्ही बसलो. ऑफिस समोरच होतं, उघडं होतं, कारकून आत होता. मी तिच्यावर तुटून पडले. "एक दिवस कळ काढता आली नाही तुला? उद्या बोलायचं होतंस! सही खिशात घालून मग हवं ते बोलायचं होतंस! नोकरी घालवलीस, वर्षं घालवलीस, कुणासाठी? त्या ओळख ना पाळख पोरीसाठी?"

ती रडत होती. "उद्या तिने विचारलं नसतं, आई," ती म्हणाली. "ती सरांकडेच लागलीय. मी गेले की माझं टेबल तिलाच मिळणार आहे."

मी आणखी बोलणार होते, इतक्यात ती मुलगीच जिना उतरून आमच्यापाशी येऊन थांबली. चिठ्ठी हातात होती. तिने आमची तोंडं पाहिली आणि चाचरत विचारलं, "मॅडम, तो पासवर्ड नेमका कुठे बदलायचा?"

माझ्या सुनेने ओढणीने तोंड पुसलं, उठली आणि तिला घेऊन वर गेली. एकेक पायरी नीट दाखवत असणार, तिला घाई माहीतच नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. त्या दोघी खाली येईपर्यंत समोरच्या कारकुनाने दिवे घालवले आणि ऑफिसला कुलूप लावलं.