सिद्रामअण्णांनी मला बसवलं

खरं म्हणजे हा किस्सा मी कुणाला सांगत नाही. फजिती माझीच, आणि तीही आमच्या मूळ गावात, भर दुपारी, अप्पांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत झालेली. पण चहा आलाय, तुम्हीही निवांत बसलाय, तर ऐका.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं चादरींचं दुकान. बी.कॉम. झालो की मी गादीवर बसायचं, हे बहुतेक माझ्या बारशालाच ठरलं असावं. आणि मी काय केलं? पुण्याच्या एका सरांच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेलो आणि मूकनाट्य घेऊन परत आलो. म्हणजे शब्द नाहीत, सामान नाही, जे काय सांगायचं ते अंगानं सांगायचं. नाटकानं समाज बदलतो, असं सर म्हणायचे. मला ते लगेच पटलं. त्या वयात मला काहीही लगेच पटायचं.

शिबिरात एकच गोष्ट मला फार सुरेख जमली होती. मरणं! सर सांगायचे, मेलेल्या अंगात हाडं नसतात, ते जमिनीवर सांडलं पाहिजे. मग मी महिनाभर आमच्या गच्चीवर सांडत होतो. पहिल्या दिवशी मला फिट आली असं वाटून आई कांदा घेऊन धावली. पुढं तिला सवय झाली. मी पडलो की मला ओलांडून ती पापड वाळत घालायची.

अप्पा काही ओरडले नाहीत. ते व्यापारी माणूस, त्यांनी सौदा केला. आपल्या गावात, आपल्या माणसांपुढं करून दाखव, म्हणाले. लोकांना काही कळलं तर एक वर्ष तुझं. नाही कळलं तर सोमवारपासून दुकानात यायचं.

गाव अक्कलकोटच्या अलीकडं. घरात कानडी, दारात मराठी. तिथं कुणाला साप चावला की आधी मांत्रिकाकडं न्यायचे. म्हणून आम्ही विषय तोच घेतला. आम्ही पाच जण होतो. तिघं मिळून साप, माझा मित्र बबन मांत्रिक आणि मी शेतकरी. साप चावतो, मांत्रिक नाचतो, मी मरतो. शेवटी मी सांडलेला, बाकीचे चौघे जागच्या जागी उभे, आणि दोन मिनिटं शांतता. त्या शांततेत लोकांनी अस्वस्थ होऊन विचार करायचा, असं सरांनी लिहून दिलं होतं.

देवळापुढच्या कट्ट्यावर प्रयोग झाला. सगळं गाव जमलेलं, अप्पा अगदी पुढं, टोपी मांडीवर. आमच्या सापाला पोरांनी आगगाडी समजून शिट्ट्या मारल्या, ते सोडा. मी मात्र असा काही मेलो की बायकांमधून 'शिवा शिवा' ऐकू आलं. एक हात इकडं, एक पाय तिकडं, तोंड मातीत. शांतता सुरू झाली. मी मनात आकडे मोजू लागलो.

विसावर आलो आणि काठी टेकत कुणीतरी जवळ आलं. सिद्रामअण्णा! गावात कुणी गेलं की पहिलं बोलावणं यांना. पुढचं सगळं तेच बघायचे.

"आरं, मयताला आसं पसरून ठेवलाय व्हय?" अण्णा म्हणाले. "बसवा की त्याला."

आता माझी चूक ऐका. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला निजवत नाहीत. मांडी घालून, पाठीला टेकू देऊन बसवतात, विभूती लावतात, आणि पुरतात तेही बसलेलंच. माझ्या आजोबांना बसवलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. पण महिनाभर मरणाचा सराव करताना ते मला एकदाही आठवलं नाही. मी पुण्याचं मरण घोकत बसलो होतो!

नाटक मुकं, बोलायची सोय नाही. बबननं हातानं 'नको, नको' केलं. अण्णांना वाटलं, एकट्याला उचलत नाही म्हणतोय. त्यांनी दोन दांडगे गडी बोलावले. "हिडीरी, हिडीरी," म्हणत त्यांनी मला दोन्हीकडून धरलं.

मी काय करणार? उठलो तर नाटक गेलं, आणि नाटक गेलं की सोमवारी दुकान. मी मेलेलाच राहिलो. त्यांनी मला बसवलं, मी सरांची शिकवण आठवून घसरलो. पुन्हा बसवलं, पुन्हा घसरलो.

"मोकळं हाय आजून, लवकर बसवा," अण्णा शांतपणे म्हणाले. "आखडलं की मांडी घालाया येत न्हाय."

मग पाठीला ज्वारीचं पोतं आलं. काखेतून उपरणं घालून मला देवळाच्या खांबाला बांधलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. मी इतका व्यवस्थित मेलो की माझी मलाच भीती वाटायला लागली.

आणि सगळे समोर येऊन बसले. मयतापुढं बसल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. अण्णांनी तो विचारला, "कसं झालं?"

हे नाटक आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं बरं का. पण रीत एकदा सुरू झाली की ती पुरी करावी लागते. एकानं सांगितलं, साप चावला. दुसरा म्हणाला, मांत्रिकाकडं नेलं, तिथं सगळा वेळ गेला. तिसऱ्यानं बबनलाच धरलं, की इलाज येत नव्हता तर माणूस ठेवून कशाला घेतलास? बबन अजून मुका. तो बिचारा कान धरून उभा राहिला.

तेवढ्यात बायकांमधून एक बाई हळूच बोलली.

"आमच्या मालकास्नी बी आसंच नेलं हुतं. धा वाजता चावला. बाराची अक्कलकोटची यष्टी दारावरनं गेली की."

कुणीच बोललं नाही. माझे डोळे मिटलेले होते, पण खरं सांगतो, मला रडू आवरेना. मेलेल्यानं रडायचं कसं? सरांनी लिहून दिलेली शांतता ही होती, आणि ती माझ्यामुळं झालेली नव्हती.

मग सरपंच खाकरले. दुधाची गाडी रोज अक्कलकोटला जाते, कुणाला साप चावला तर गाडी आधी त्याला नेईल, आणि गाडी गेलेली असली तर ते स्वतः फटफटी काढतील, असं त्यांनी सांगितलं. दवाखाना आधी, मंत्र मागनं. तिथल्या तिथं ठरलं. मंडळी उठली, हौदावर पाय धुतले आणि चहाला गेली. मला खांबालाच ठेवून!

बबननं सोडवलं तेव्हा दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या, उभं राहता येईना. अप्पा तेवढे मागं थांबले होते.

"लोकांना कळलं ना, अप्पा?" मी विचारलं.

"कळलं की. तू हलत होतास तोवर कुणाला काय कळंना. तू गप झालास आणि नाटक चांगलं झालं."

"म्हणजे वर्ष मिळालं?"

"मिळालं," अप्पा टोपी घालत म्हणाले. "पण पुढच्या गावाला अण्णांना बरोबर ने. तुला एकट्याला धड मरतासुद्धा येत नाही."