सांधलेल्या रेघा

नामगुंग सर कागदावर टाकाने चित्र काढतात आणि त्यांची रेघ मध्येच सुटते. गाल कानापर्यंत पोचत नाही, बाही मनगटाआधीच संपते. चाहते म्हणतात, रेघ श्वास घेते. घेऊ दे. रंग भरणाऱ्या प्यो मिहयांगताईंचा जीव त्यात जातो, त्याचं काय?

बुछनच्या स्टुडिओत मी चित्रातले डोंगर नि घरं काढतो. ताई माझ्या शेजारी बसतात. सरांचं चित्र स्कॅन होऊन संगणकावर येतं. वर रेघांचा थर, खाली रंगांचे, एकावर एक काचा ठेवल्यासारखे. गालात रंग ओतला की फटीतून निसटतो आणि समुद्रही गुलाबी होऊन बसतो. म्हणून ताई मध्ये आणखी एक थर घालतात आणि सरांची प्रत्येक फट स्वतःच्या बारीक, कातडीच्या रंगाच्या रेघेने सांधतात. गेली सहा वर्षं. मनगटाला पट्टा बांधतात तो काही हौसेने नाही.

यंदा सरांचं प्रदर्शन ठरलं. चित्रं भिंतीएवढी छापायची, आणि दारातल्या फलकावर पहिल्यांदाच ताईंचं नाव लागायचं होतं. त्यांनी कुन्सानहून आईला बोलावून ठेवलं.

नमुना छापून आला. एवढ्या मोठ्या आकारात ताईंच्या रेघा दिसल्या.

"माझ्या चित्रात रेघोट्या कुणी मारल्या?"

"मीच. सहा वर्षं मारतेय, सर. आज दिसल्या होय?"

"पुसून टाक. आणि फलकावरचं नावही काढा हिचं."

ताई खुर्चीवरून उठल्या. "बसा इथे. माझे सगळे थर बंद केलेत. भरा रंग."

सरांनी चित्रातल्या पोरीच्या गालावर माउसने टिचकी मारली. पोर, होडी, आभाळ, एका दमात सगळं गुलाबी.

"यंत्र बिनडोक आहे तुझं."

"यंत्राचं राहू द्या. नावाचं बोला."

मी कॉफी करायला गेलो. भांडण पेटलं की मला हमखास कॉफी आठवते.

पुसायला वेळच नव्हता, त्यामुळे रेघा राहिल्या. नाव दारातून हलवायला मात्र वेळ मिळाला. उद्घाटनाच्या दिवशी ते सापडलं आत कोपऱ्यात, आग विझवायच्या नळकांड्यामागे, औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीएवढं. ताईंची आई दालनाला दोन फेऱ्या मारून आली, तरी तिला दिसलं नव्हतं.

"वाक जरा, आई. आग लागली की लोकांना दिसेन मी."

आई हसली नाही. ताईही हसल्या नाहीत. त्यांनी नखाने ती नावाची चिठ्ठी सोलून काढली. "अरे, बघतोस काय? खुर्ची धर."

मी धरली. सर्वांत मोठ्या चित्रावर, बरोब्बर आपल्या एका रेघेवर, ताईंनी चिठ्ठी चिकटवली आणि अंगठ्याने दाबून बसवली. सर गर्दीतून धावत आले.

"माझं चित्र खराब करतेस तू."

"तेवढी जागा तुमची नाहीच."

सरांनी चिठ्ठी काढायला हात वर केला, पण तो तिथवर पोचेना. ताई खुर्चीवरून उतरायला तयार नव्हत्या, आणि मी खुर्ची सोडायला.