शेत नसलेली बंदूक

एव्हरशाईनमधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांकडे परवान्याची बंदूक आहे, शेत मात्र नाही. जूचंद्रला डोंगराकडेला त्यांचं भाताचं शेत होतं. त्यात घुसणारी रानडुकरं हुसकावायला तो परवाना मिळाला होता. मग भावांनी शेत विकलं. नव्या मालकाने कुंपण घातलं आणि बंदूक घेऊन आत यायचं नाही म्हणून बजावलं. तरी काका रविवारी गॅलरीत बसून बंदुकीला तेल देतात. बोलता बोलता मध्येच थांबून कानोसा घेतात. कशाचा, ते मला कधी कळलं नाही.

परवा निवडणुकीमुळे बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची होती, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून नेलं. त्यांनी मुद्दाम वाट वाकडी करून मला त्या कुंपणापाशी थांबवलं. खांद्याला बंदूक अडकवलेली, तसेच हात जोडून तिथल्या वॉचमनपुढे उभे राहिले. बिचारा दचकलाच.

"डुक्कर आला तं फोन कर हां," म्हणाले आणि त्याला आपला नंबर दिला.

मी वैतागलो. "काका, तुम्हाला आत सोडत नाहीत. फोन आला तर करणार काय?"

"कुंपनाबाहेरून बघन."

"मग बंदूक कशाला ठेवलीय? देऊन टाका ना कायमची."

मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत ते माझ्याकडे बघत राहिले.

"बंदूक नसली, तं डुक्कर आला म्हनून मना कोन सांगल?"