ट्रकमधून आलेल्या शेळ्या

अख्ख्या नवी मुंबईत माझ्या बायकोच्या मावशींइतकं मनापासून कुणाला रागावता येत नाही. बाकीचे लोक चिडतात, ओरडतात आणि जेवून झोपतात. मावशींचा राग सकाळी कामावर हजर होतो आणि रजा घेत नाही. सरकारी खात्यात जनावरांच्या डॉक्टर म्हणून उभी हयात साताऱ्याकडे गेली, आणि निवृत्तीनंतर त्या बेलापूरला आमच्याच सोसायटीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आल्या. कुणी आजारी म्हटलं की अजूनही आधी त्याचा कान गरम आहे का बघतात, मग कातडी चिमटीत धरून सोडतात. आमच्या सेक्रेटरींना त्यांनी भर मीटिंगमध्ये असं तपासलं आणि "पाणी कमी पितोय हा" असं बाकीच्यांना सांगितलं. सेक्रेटरींना काही विचारलं नाही. रोग्याला विचारायची त्यांना सवयच नाही.

निवृत्त माणसं यात्रेला जातात, मावशी दक्षिण सुदानला गेल्या. तिथे लढाईत गावंच्या गावं उठली होती, गुरं लुटून नेली होती, शेतांत माणूसभर गवत माजलं होतं. छावण्यांतून परतणाऱ्या लोकांची शेती आणि गुरंढोरं पुन्हा उभी करायला एका मदतसंस्थेला जनावरांचे डॉक्टर हवे होते. आम्ही सगळ्यांनी अडवून पाहिलं, पण त्यांना अडवण्याइतका आवाज आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

तिकडे मात्र त्यांच्या रागाला त्याच्या मापाचं काम मिळालं. ज्वारीचं बियाणं आलं ते पेरणी उलटून गेल्यावर. मग शेळ्या आल्या. उंच, पांढऱ्याशुभ्र, लांब कानांच्या. त्या दूरच्या मुलखातून ट्रकमध्ये भरून आणल्या होत्या, कारण मावशींच्या मते त्या फोटोत चांगल्या दिसत. पावसाला सुरुवात झाली तशा खोकू लागल्या आणि पटापट मेल्या. एका सकाळी एक बाई मेलेली शेळी खांद्यावर घेऊन आली, मावशींच्या पायाशी ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. हे सांगताना मावशी अजूनही उठून उभ्या राहतात.

"तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल बोलायचं नसतं, हे त्या बाईला कुणी शिकवलं?"

शेळ्यांचा पुढचा ट्रक आला तेव्हा मावशी रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. अर्ध्या दिवसाच्या वाटेवर बाजार आहे, तिथे इथल्याच मातीतल्या शेळ्या मिळतात, बायकांना खरेदीच्या चिठ्ठ्या द्या आणि त्यांना निवडू द्या, असं त्यांनी संस्थेच्या तिथल्या साहेबाला सुनावलं. त्या शेळ्या दूध कमी देतात, असं साहेब म्हणाला. मेलेली किती देते, असं मावशींनी विचारलं. बरीच भांडणं झाली, पण अखेर चिठ्ठ्या निघाल्या. त्या बाईने भर उन्हात बाजार पालथा घातला आणि एक बुटकी, तपकिरी, मोडक्या शिंगाची शेळी निवडली. तितकी कुरूप आणि तितकी उत्तम शेळी आपण पाहिली नाही, असं मावशी म्हणतात.

परत आल्यावर त्याच संस्थेने वाशीला त्यांचा सत्कार ठेवला. मी सोबत होतो. पडद्यावर त्याच पांढऱ्या शेळ्या दाखवल्या, टाळ्या झाल्या. अंगावरच्या शालीसकट मावशी उभ्या राहिल्या.

"यातल्या जिवंत किती आहेत, तेवढं सांगा."

पडद्यावर पुढचा फोटो आला. शालीची घडी घालून खुर्चीवर ठेवत त्या बाहेर पडल्या. त्यांच्या मागून ते सभागृह ओलांडताना मला इतका अभिमान वाटला, की सोबत आलेला म्हणून मला दिलेला नारळही तिथेच राहिला.

परवा दुपारी खाली गेलो, तर मावशी मांडीवर फोन ठेवून बसल्या होत्या. दक्षिण सुदानमधल्या एका सहकाऱ्याचा निरोप आला होता. पुन्हा लढाई पेटली आहे, गाव पुन्हा रिकामं झालं आहे. ती बाईही मोडक्या शिंगाची ती शेळी, आता पुन्हा गाभण, आणि तिची पिल्लं पुढे घालून नदीच्या दिशेने निघाली, त्यानंतरचं कुणाला ठाऊक नाही. मी त्यांच्या रागाची वाट बघत बसलो. तो आलाच नाही. चहा निवून गेला.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "गाभण शेळी किती चालेल हो?"

मी आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस. जनावरांबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"चालेल, मावशी," मी म्हणालो. "पुष्कळ चालेल."

त्यांनी मान हलवली, आणि मी चुकतोय असं साधं म्हणाल्याही नाहीत.